घोळणा फुटला की मान मागे? अजिबात नको

उन्हाळ्याच्या तोंडावर सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: 'मुलाचा घोळणा फुटला तर मान मागे टाकून झोपवा, टाळूवर गार पाणी थापा, कांदा हुंगवा. अंगातली उष्णता आहे, आंबा बंद करा. डॉक्टरची गरज नाही.'

यातला पहिलाच सल्ला सगळ्यात वाईट. मान मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, दिसेनासं होतं. ते घशातून पोटात जातं, मग मळमळतं, काळपट उलटी होते आणि घर दुप्पट घाबरतं. मुलाला बसवा, पुढे वाकवा, तोंडाने श्वास घ्यायला सांगा. हाडाखालचा नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, घड्याळ लावून 10 मिनिटं. 'थांबलं का बघू' म्हणून मधेच सोडायचं नाही. बहुतेक आईबाप इथेच चुकतात. नाही थांबलं तर आणखी 10 मिनिटं. तरीही वाहतंय? मग हॉस्पिटल गाठा.

गार पाण्याने फारसं बिघडत नाही, पण चिमटीचे हात त्यात अडकतात. कांद्याने शिंक आली तर धरू लागलेली गुठळी निघते.

आता उष्णता. मुलांमध्ये रक्त बहुधा नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून येतं. तिथे नाजूक अस्तराखाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बोट घालणं, सर्दी, ऍलर्जी, कोरडी हवा, एवढं त्याला पुरतं. मुंबई दमट खरी, पण मूल झोपतं रात्रभर एसीत! बिचाऱ्या हापूसला कशाला शिक्षा? नखं कापा, नाकात सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. वारंवार होत असेल तर डॉक्टर काही दिवस नाकात लावायला मलम देतात. नाहीच भागलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञ सिल्व्हर नायट्रेट हे रसायन लावून ती रक्तवाहिनी बंद करतात.

आणि डॉक्टरची गरज नाही? पावसाळ्यात तापासोबत रक्त आलं तर डेंग्यूची शंका आधी घ्यावी, आयबुप्रोफेन किंवा ऍस्पिरिन देऊ नये. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, घरात कुणाला रक्त लवकर न थांबण्याचा त्रास, मूल 2 वर्षांच्या आतलं, यातलं काहीही असलं तर तपासणी हवीच. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत मणी किंवा खोडरबराचा तुकडा असू शकतो. तो घरी चिमट्याने काढायला जाऊ नका.