पोस्टव्हिलचे आकडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील पोस्टव्हिल या गावावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. गावाची लोकसंख्या 2000 साली 2,273 आणि 2010 साली 2,227, म्हणजे दहा वर्षांत अवघी 46 माणसे कमी झाली असताना मी ‘उलथापालथ’ हा शब्द का वापरला, हा पहिला; आणि माझ्या तक्त्यातील वांशिक टक्केवारीची बेरीज शंभराच्या वर जाते, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. अमेरिकी जनगणनेत तेव्हा ‘हिस्पॅनिक’ हा वंश धरला जात नसे. तो प्रश्न स्वतंत्र असे, त्यामुळे एकच व्यक्ती श्वेतवर्णीयांतही मोजली जाई आणि हिस्पॅनिकांतही. दोन्ही रकाने खुलासा न करता शेजारी मांडले, ही माझी चूक.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. गावातला बंद पडलेला मांसप्रक्रिया कारखाना 1987 साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या रुबाश्किन कुटुंबाने घेतला, तिथे कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार तयार केलेल्या, मांसाचे उत्पादन सुरू झाले आणि 1990 साली 1,472 वस्तीचे हे गाव हसिदी या कर्मठ पंथाच्या ज्यू कुटुंबांनी व ग्वाटेमाला-मेक्सिकोच्या मजुरांनी भरून गेले. मग 12 मे 2008 रोजी बेकायदा स्थलांतरित मजुरांना पकडण्यासाठी कारखान्यावर सरकारी धाड पडली. एका दिवसात 389 जणांना अटक झाली. गावाच्या लोकसंख्येशी ताडून पाहिले तर दर सहा माणसांमागे एक. त्यांना आयोवातीलच वॉटर्लू शहरातील गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर नेण्यात आले आणि खटलेही तिथेच उभारलेल्या तात्पुरत्या न्यायालयात चालले. धास्तावलेली कुटुंबे सेंट ब्रिजेट चर्चमध्ये आश्रयाला आली. मुलांच्या सांभाळासाठी अटकेतून सोडलेल्या आयांच्या घोट्यांना माग काढणारी यंत्रे बांधलेली होती. त्यांना काम करण्याची परवानगी नव्हती आणि गाव सोडण्याचीही नव्हती, त्यामुळे घरभाड्यापासून दुधापर्यंत सारे चर्चने पाहिले. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. रिकाम्या जागा भरण्यासाठी थेट प्रशांत महासागरातील पलाऊ बेटांवरून मजूर आणले गेले, सोमाली कुटुंबे आली, आणि 2009 मध्ये कारखान्याला नवा मालक मिळाला. एप्रिल 2010 मध्ये जनगणना झाली तेव्हा गाव पुन्हा भरत आले होते, पण बऱ्याच अंशी वेगळ्या माणसांनी. आपल्याला दिसलेले 46 हे अशा दोन जमावांमधले अंतर आहे.

‘कौटुंबिक उत्पन्न तर वाढलेच ना?’ असेही आपण विचारले आहे. एका छपराखाली चार-पाच कमावते मजूर राहत असतील, तर कौटुंबिक उत्पन्न बरे दिसते आणि दरडोई उत्पन्न तळाला असते. शिवाय 2000 पर्यंत हे आकडे जनगणनेसोबतच्या मोठ्या नमुन्यातून येत; त्यानंतर ते पाच वर्षांच्या नमुना पाहणीतून येतात, आणि एवढ्या लहान गावात त्यांतील चुकीची शक्यता बरीच मोठी असते. म्हणूनच मी लेखात उत्पन्नावरून कोणताही निष्कर्ष काढलेला नाही.

वांशिक तक्ता मी आज दुरुस्त करीत आहे. ‘उलथापालथ’ हा शब्द मात्र तसाच ठेवत आहे.