‘डार्क सोल्स’ला कथा नाही म्हणणाऱ्यांना

गेल्या काही दिवसांत एक मजकूर मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. थोडक्यात तो असा: ‘डार्क सोल्स’ या व्हिडिओ गेमला कथाच नाही. लिहायचा कंटाळा केला म्हणून बनवणाऱ्यांनी चार वाक्यं तलवारी-अंगठ्यांच्या वर्णनात टाकून दिली. आपण ज्याला लोर, म्हणजे गेममधल्या जगाचा इतिहास, म्हणतो तो यूट्यूबवाल्यांनी मागाहून रचला. आणि नुसतं खेळून जी कळत नाही तिला गोष्ट तरी कशाला म्हणायचं?

हा गेम मी तीन वेळा संपवलाय आणि इतका मनात घर करून राहिलेला दुसरा गेम मला आठवत नाही. म्हणून हे मुद्दे एकेक करून घेतो. गेम २०११ चा आहे, त्यामुळे शेवटापर्यंतचं सगळं उघड बोलणार आहे. ज्यांना अजून खेळायचाय त्यांनी आधी खेळून यावं.

‘कथाच नाही’ हा मुद्दा सगळ्यात कच्चा, त्याला फार वेळ लागणार नाही. सुरुवातीचा कटसीनच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची चित्रफीतच, सांगतो की आधी जग राखाडी होतं, प्रचंड वृक्ष होते आणि न मरणारे ड्रॅगन होते. मग आग पेटली, आणि आगीबरोबर उजेड-अंधार, जन्म-मरण असे भेद आले. त्या आगीजवळ काहींना लॉर्ड सोल, म्हणजे अफाट शक्तीचे आत्मे, सापडले. मृतांचा नीटो, इझॅलिथची विच, सूर्यप्रकाशाचा स्वामी ग्विन, आणि एक पिग्मी. ग्विनच्या फौजेने ड्रॅगन संपवले. आता ती आग विझत आलीय आणि माणसांच्या अंगावर मरण न येण्याचा शाप उमटू लागलाय. एवढं झाल्यावर तुम्ही कोठडीत जागे होता. मरणाला टेकलेला एक नाइट तुमच्या हाती जखमा भरणारा एस्टस फ्लास्क देऊन घंटा वाजवायचं काम सोपवतो. फायरलिंक श्राइनला बसलेला खचलेला योद्धा सांगतो की घंटा दोन आहेत, एक वर चर्चमध्ये, दुसरी पार खाली ब्लाइटटाउनच्या तळाशी. दोन्ही वाजल्या की फ्रॅम्प्ट नावाचा अजस्र सर्प जमिनीतून डोकं वर काढतो आणि पुढचं सांगतो: ग्विनची जागा घे, आग पुन्हा पेटव. शेवटी ग्विनला हरवल्यावर आग पेटवायची की पाठ फिरवून निघून जायचं, हे तुमच्यावर. हे सगळं बोलून दाखवलंय. त्यासाठी एकाही वस्तूचं वर्णन वाचावं लागत नाही.

विखुरलेलं आहे ते वेगळंच. ही सगळी मंडळी खरं बोलताहेत का, याचा पुरावा विखुरलेला आहे. आणि म्हणूनच ‘आळसापोटी तुकडे टाकले’ या मुद्द्यापाशी मला जरा जास्त वेळ थांबायचंय, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे आहे.

या गेममध्ये जो कोणी तुम्हाला सरळ, नीट समजावून सांगतो, त्याचा त्यात स्वतःचा काहीतरी मतलब असतो. फ्रॅम्प्टला आग जळती राहायला हवीय, म्हणून तो तुम्हाला निवडलेला वीर म्हणतो. खाली अ‍ॅबिसमध्ये, म्हणजे अंधाराच्या दरीत, काथ नावाचा दुसरा सर्प आहे. ग्विनपर्यंतची वाट उघडणारं लॉर्डव्हेसल नावाचं पात्र जागेवर ठेवण्याआधी तुम्ही चार राजांना मारलंत तरच तो भेटतो. तो सांगतो की ग्विन अंधाराला घाबरला होता, आणि ज्या पिग्मीला डार्क सोल, म्हणजे अंधाराचा आत्मा, सापडला तो तुमचा, म्हणजे माणसांचा, पूर्वज. आता पुन्हा सुरुवातीचा कटसीन लावून बघा. नीटो, विच आणि ग्विन यांची ओळख थाटात होते. पिग्मीच्या वाट्याला मात्र एवढंच येतं की तो लपूनछपून वावरणारा आणि सहज विसरला जाणारा. ज्याच्यापासून माणूस आला त्याला निवेदनाने अर्ध्या वाक्यात बाजूला सारलंय. पहिल्यांदा बघताना मला ते अजिबात जाणवलं नव्हतं. काथचं बोलणं ऐकून झाल्यावर मी गेम बंद करून फक्त तो कटसीन पुन्हा बघितला आणि अंगावर काटा आला. अर्थात काथही निःस्वार्थी नाही. त्याला अंधाराचं राज्य हवंय.

अ‍ॅनोर लोंडो हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. सेन्स फोर्ट्रेसच्या करवती चुकवत, मरत-मरत तुम्ही देवांच्या नगरीत पोचता. तिथे सोनेरी संध्याकाळ पसरलेली असते. राजकन्या ग्विनेव्हिअर तुमची वाट बघत असते आणि लॉर्डव्हेसल तुमच्या हवाली करते. आता तिच्यावर एक बाण सोडा. ती नाहीशी होते, सूर्य मावळतो आणि अख्खं शहर काळोखात बुडतं. राजकन्याही भास आणि तो सूर्यप्रकाशही भासच. ग्विनचं सगळ्यात धाकटं अपत्य, ग्विंडोलिन, लपून हा देखावा चालवत असतं. खरी ग्विनेव्हिअर केव्हाच हे शहर सोडून गेली आणि तिने ज्वाळेच्या देवाशी लग्न केलं, हे एका अंगठीच्या वर्णनात लिहिलेलं आहे. हेच जर एखाद्या पात्राने समोर उभं राहून सांगितलं असतं, तर त्या पात्रावर तरी का विश्वास ठेवायचा? ज्या जगात बोलणारे सगळे काहीतरी लपवताहेत, तिथे मागे पडलेल्या वस्तूच साक्ष देणार. म्हणजे सांगण्याची ही पद्धत कथेच्या पोटातून आलीय.

आळसाबद्दल आणखी एकच गोष्ट. ब्लाइटटाउनच्या दलदलीत एका अवाढव्य झाडाच्या बुंध्यात एक भिंत आहे, खोटी. तिच्यामागे पेटी. बहुतेक लोक पेटी उघडून परत फिरतात. पेटीमागची भिंतही खोटी आहे. तिच्या पलीकडे झाडाच्या पोकळीतून खाली खाली उतरत गेलं की अ‍ॅश लेक लागतं. राखेचा किनारा, नजर पोचेल तिथवर उभे वृक्ष, आणि एक जिवंत ड्रॅगन. कटसीनमध्ये दाखवलेलं, संपून गेलं असं आपण धरून चाललेलं आदिम जग तुमच्या पायाखाली अजून शाबूत आहे. आळशी माणूस दोन खोट्या भिंतींमागे, अनेकांना दिसणारही नाही अशा ठिकाणी, एवढा प्रदेश उभा करत नाही.

आता तिसरा मुद्दा, लोर यूट्यूबवाल्यांनी रचला हा. यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. लोकांनी वाट्टेल ते तर्क लढवलेत. खेळ सुरू करताना निवडायच्या भेटवस्तूंपैकी एक पेंडंट आहे. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतीत ते घ्यावं असं सुचवलं आणि लोकांनी वर्षभर त्याचं रहस्य शोधलं. शेवटी मियाझाकींनीच कबूल केलं की त्यात काही नव्हतं, ती त्यांची गंमत होती. शोधणाऱ्यांचा वेळ गेला आणि त्यांचा राग मला समजतो.

पण तर्क चुकीचा ठरू शकतो, याचाच अर्थ खाली काहीतरी पक्कं लिहिलेलं आहे. सोलेअरचं बघा. सूर्याचा हा भक्त सगळ्यांचा लाडका, आणि तोच ग्विनचा हरवलेला थोरला मुलगा असा तर्क अनेक वर्षं चालला. मुळात थोरल्या मुलाबद्दल गेम काय सांगतो? एका अंगठीच्या वर्णनात आहे की तो युद्धाचा देव होता, त्याच्या मूर्खपणामुळे इतिहासाची पानं गमावली, त्याचं देवपण काढून घेतलं गेलं आणि आज त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. सनलाइट मेडलचं वर्णन म्हणतं की तो जुना युद्धदेव आजही आपल्या योद्ध्यांवर नजर ठेवून आहे. सूर्याच्या वेदीवरचा पुतळा तुटलेला आहे. तीन वेगवेगळ्या जागा, आणि तिन्ही एकमेकींशी जुळतात. आणि सोलेअर? त्याच्या चिलखताचं वर्णन स्पष्ट सांगतं की छातीवरचा सूर्य त्याने स्वतःच्या हाताने रंगवलाय आणि त्या चिन्हात काही शक्ती नाही. म्हणजे तो तर्क २०११ मध्येच डळमळीत होता. मग २०१६ मध्ये ‘डार्क सोल्स ३’ आला आणि त्यात ड्रॅगनवर बसून वीज फेकणारा नेमलेस किंग भेटला, पूर्वी ड्रॅगनना मारणारा आणि नंतर सगळं सोडून त्यांनाच जाऊन मिळालेला युद्धदेव. तुटलेल्या पुतळ्याचा मालक पाच वर्षांनी समोर उभा राहिला. हे कुठल्या यूट्यूबवाल्याने रचलेलं नाही. मला स्वतःला सोलेअर साधा माणूस निघाला याचा आनंदच झाला. देवाचा मुलगा असता तर त्या रंगवलेल्या सूर्याला काय किंमत राहिली असती?

राहिला शेवटचा मुद्दा, ‘नुसतं खेळून कळत नाही’. इथे दोन गोष्टी एकत्र कालवल्या जातात. एनपीसींच्या, म्हणजे वाटेत भेटणाऱ्या इतर पात्रांच्या, क्वेस्ट (उपकथा) खरोखरच फार लपवलेल्या आहेत आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. सोलेअरला वाचवायचं तर एका विशिष्ट पंथात जाऊन ह्युमॅनिटी नावाच्या तीस वस्तू अर्पण करायच्या, मग एक आडवाट उघडते. हे कुणालाही आपणहून सुचणार नाही. लॉस्ट इझॅलिथचा भाग तर घाईत उरकल्यासारखा दिसतो. लाव्हामध्ये एकसारखेच राक्षस ओळीने उभे केलेत, आणि विचच्या घराण्याच्या एवढ्या मोठ्या शोकांतिकेला ती जागा न्याय देत नाही.

पण खेळून काहीच कळत नाही? सिफशी लढून बघा. हा महाकाय लांडगा आपल्या धन्याच्या, आर्टोरियसच्या, कबरीची राखण करतो आणि धन्याचीच तलवार तोंडात धरून लढतो. त्याचा जीव थोडाच उरला की तो लंगडू लागतो. तलवार उचलतो, तोल जातो, पडतो, पुन्हा उठतो. एकही शब्द नाही, वर्णन नाही. कंट्रोलर हातात असतो आणि पुढचा वार करावासा वाटत नाही. दुसऱ्या खेपेला मी आधी २०१२ चं ‘आर्टोरियस ऑफ द अ‍ॅबिस’ हे डीएलसी, म्हणजे गेमला नंतर जोडलेला भाग, खेळलो. त्यात भूतकाळात जावं लागतं. तिथे आर्टोरियसचा डावा हात लुळा लोंबतोय, अ‍ॅबिसने त्याला आधीच गिळलंय. पुढे खोल दरीत छोटासा सिफ सापडतो, सावल्यांनी वेढलेला, आणि तिथेच धन्याची ढाल पडलेली. हात का मोडला आणि ढाल का नव्हती, ते तिथे उभं राहिल्यावर समजतं. त्या पिल्लाला वाचवून मी परत कबरीपाशी गेलो. सिफ पुढे आला, त्याने मला हुंगलं, आणि ओळखलं. मग मान वर करून रडल्यासारखा लांबलचक ओरडला आणि तलवार उचलली. कटसीन बदललेला होता. लढावं लागलंच.

मियाझाकींनी सांगितलेली एक आठवण इथे महत्त्वाची आहे. लहानपणी घरी पुस्तकं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ते ग्रंथालयातून पुस्तकं आणत. मजकूर अर्धवटच कळायचा, मग चित्रं बघून राहिलेली जागा स्वतः भरायची. डार्क सोल्सची घडण त्यातूनच आली. जपानमध्येही या गेममधली पात्रं इंग्रजीतच बोलतात, खाली जपानी सबटायटल असतं. आपल्याकडे तर मराठी सबटायटलही नाही. मराठी शाळेतून आलेल्या मला ते ‘दाऊ’-‘दी’चं जुनं इंग्रजी पहिल्या खेपेला निम्मंच कळलं होतं, आणि तरी मी अडकलो नाही. अर्धं ऐकून उरलेलं जुळवत नेण्याची सवय आपल्यातल्या किती जणांना असते!

म्हणून हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना एक विनंती करतो. पुन्हा सुरुवात केलीत तर भेटवस्तूंमधून मास्टर की घेऊ नका, ‘ओल्ड विचेस रिंग’ घ्या. वर्णनात लिहिलंय की एका चेटकिणीने दिलेली जुनी अंगठी, उघड असा काही परिणाम नाही. खरंच काही होत नाही. ताकद वाढत नाही, बचाव वाढत नाही. बरेच तास खेळून झाल्यावर ब्लाइटटाउनच्या तळाशी तुम्ही क्वेलागला मारता, वरचा भाग बाईचा आणि खालचा कोळ्याचा. दुसरी घंटा वाजवता. घंटेच्या खालच्या खोलीत आणखी एक खोटी भिंत आहे. आत पाठीवर अंडी वाहणारा एंगी नावाचा सेवक, आणि त्याच्या पलीकडे भिंतीला चिकटलेली, पांढरीफटक पडलेली, तशीच अर्धी कोळी असलेली एक मुलगी. रोगाने सडणाऱ्या लोकांसाठी तिने तो रोग स्वतः गिळलाय. तिच्या यातना कमी व्हाव्यात म्हणून तिचे सेवक तिला ह्युमॅनिटी आणून देतात.

अंगठी बोटात नसेल तर ती पुटपुटते ते एक अक्षर कळत नाही. बहुतेक लोक मान डोलावून, बॉनफायरला, म्हणजे विसाव्याच्या शेकोटीला, बसून निघून जातात. मीही पहिल्या खेपेला तेच केलं. अंगठी असली की कळतं, ती तुम्हाला क्वेलाग समजतेय. ताई आली असं तिला वाटतं. ती म्हणते रडू नकोस, मी सुखात आहे, तू आहेस ना माझ्याजवळ.