फॅसाइल होण्याची सोपी रीत

कितीही अवघड प्रश्न असो, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तुमच्या तोंडून उत्तर बाहेर पडतं का? मग निम्मं काम झालंच म्हणायचं. उरलेलं निम्मं म्हणजे त्या उत्तरात दम नाही, ही शंका स्वतःच्याही मनाला शिवू न देणं. दोन्ही जमलं की इंग्रजी तुम्हाला एक खास विशेषण बहाल करते: फॅसाइल. अमेरिकन लोक त्याचा उच्चार 'फॅसल'च्या जवळपास करतात. कानाला 'फैसला' ऐकू आला तर बिघडत नाही, कारण दुसरी बाजू न ऐकता निकाल देऊन मोकळं होणं, यातच सगळं आलं.

या शब्दाला मत्सरी लोकांनी बदनाम केलं आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ साधा, 'करायला सोपं'. फ्रेंच आणि इटालियन माणूस आजही तेवढाच अर्थ घेतो आणि सुखात राहतो. इंग्रजीला मात्र संशय आला, की हे इतकं सोपं झालंच कसं? तेव्हापासून फॅसाइल युक्तिवाद म्हणजे मुद्द्याला वरवर हात लावून पुढे गेलेला युक्तिवाद, आणि फॅसाइल तुलना म्हणजे दोन गोष्टींतलं एक साम्य दिसताच बाकीचे फरक गिळून टाकणारी तुलना. रसायनशास्त्रज्ञ तेवढे धीट. आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ते 'फॅसाइल सिंथेसिस' असं अभिमानाने लिहितात. तिथे अर्थ निर्मळ आहे, फार खटपट न करता होणारी प्रक्रिया. खेळातला फॅसाइल विजयही असाच, घाम न गाळता मिळालेला. या आधारावर तुम्ही साहेबांच्या भाषणाला खुशाल 'व्हेरी फॅसाइल, सर!' अशी दाद द्या. डिक्शनरी उघडेपर्यंत ते खूश राहतील.

आता प्रत्यक्ष सराव. एकच वाक्य पाठ करा: 'मूळ प्रश्न कम्युनिकेशनचा आहे.' बोलण्याआधी चष्मा काढा, दोन क्षण टेबलाकडे बघा, मग सावकाश म्हणा. गिऱ्हाइकं का तुटली, पूल का पडला, नवराबायकोचं का बिनसलं, सगळीकडे लागू पडतं. कुणी आकडे पुढे केले तर 'आकड्यांच्या पलीकडे जाऊन बघू या' म्हणा. पलीकडे काय आहे, हे सभ्य माणसं विचारत नाहीत.

माहिती नसताना कसं बोलू, ही भीती तर काढूनच टाका. 1970 साली अमेरिकेत मायकल फॉक्स नावाच्या एका नटाला 'डॉ. फॉक्स' करून तज्ज्ञ मंडळींपुढे व्याख्यानाला उभं केलं गेलं. विषय होता वैद्यकीय शिक्षणातली गणिती गेम थिअरी. नटाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. परस्परविरोधी विधानं आणि चुटके यांवर त्याने वेळ मारून नेली, वर श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरंही दिली. समोर बसले होते मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिक्षक. बहुतेकांना व्याख्यान आवडलं. एकाने तर या डॉक्टरांचं लेखन आपण आधी वाचल्याचंही कळवलं! असा श्रोता भाग्यानेच लाभतो. लाभला तर सोडू नका.

एका प्राण्यापासून मात्र सांभाळा: 'कसं?' विचारणारा. 2002 साली रोझनब्लिट आणि काइल या संशोधकांनी लोकांना विचारलं, कपड्याची चेन किंवा फ्लश कसा चालतो ते तुम्हाला कितपत कळतं? लोकांनी स्वतःला सढळ हाताने गुण दिले. मग टप्प्याटप्प्याने समजावून सांगायला लावल्यावर त्यांनीच ते कमी केले. बघा, भल्या माणसांचा आत्मविश्वास विनाकारण गेला! तेव्हा तुम्ही 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द कानावर पडताच हसून म्हणा, 'फार छान प्रश्न आहे, यावर एकदा निवांत बसू या,' आणि फोन कानाला लावून बाहेर पडा. फोन वाजलेला असलाच पाहिजे असं नाही.