गुडघ्याला शेक मिळतो, पायात ताकद कधी येणार?

पुण्यात आणि पुण्याच्या आसपास ज्येष्ठांच्या वसाहती भराभर उभ्या राहताहेत. माहितीपत्रकात 'फिजिओथेरपीची सोय' हमखास छापलेली असते. आत जाऊन बघितलं तर बहुतेक ठिकाणी एक खोली, दोन पलंग, आयएफटीचं (दुखणं कमी करायला सौम्य करंट देणारं) मशीन, ध्वनिलहरींनी उपचार करणारं अल्ट्रासाउंडचं मशीन आणि शेकाच्या पिशव्या. काकू आडव्या होतात, गुडघ्याला पॅड लागतात, पंधरा मिनिटं करंट, दहा मिनिटं शेक. "बरं वाटतंय?" "हो, जरा मोकळं वाटतंय." दहा सिटिंगचं पॅकेज संपतं आणि काकू सोफ्यावरून अजूनही दोन्ही हातांचा रेटा देऊनच उठतात.

शेकाला माझा विरोध नाही. दुखणं थोडा वेळ कमी झालं तर व्यायाम करता येतो, तेवढाच त्याचा उपयोग. पण पलंगावर निजून कोणाच्या मांडीत ताकद आल्याचं ऐकिवात नाही. या वयात माणूस परावलंबी होतो तो बहुतेकदा पडल्यामुळे किंवा कमोडवरून उठता न आल्यामुळे, आणि या दोन्हींवर मशीन काही करत नाही. शिवाय मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेल्यांना शेकाने भाजतं ते कळतही नाही. पेसमेकर असलेल्यांना डायथर्मी, म्हणजे विद्युतलहरींनी आतपर्यंत शेक देणारं मशीन, तर लावायचंच नाही. हे आधी विचारलं जातं का, तेवढं बघा.

सुरुवात मोजण्यापासून करावी. 17 इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मनगटं छातीवर आडवी, हात विरुद्ध खांद्यांवर. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. हाताचा आधार घेतला तर आकडा शून्य. सत्तर ते चौऱ्याहत्तरमध्ये बायकांचा आकडा 10 च्या आणि पुरुषांचा 12 च्या खाली असेल, तर पडण्याचा धोका धरून चालायचं. ऐंशी ते चौऱ्याऐंशीला तेच आकडे 9 आणि 10. दुसरी चाचणी खुर्चीतून उठून तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. खर्च एका खुर्चीचा आणि मोबाइलमधल्या घड्याळाचा. तरी बहुतेक फायलींत 'दुखणे कमी' यापलीकडे नोंद नसते.

आता व्यायाम. खुर्चीतून उठणं हाच सगळ्यात कामाचा. बूड खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे आणायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे ओढायची, पायांत खांद्याएवढं अंतर, मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकून उठायचं. बसताना तीन आकडे मोजत सावकाश. धप्पकन बसलं की अर्धा व्यायाम वाया जातो आणि पाठीच्या मणक्याला दणका बसतो तो वेगळाच. चुका ठरलेल्या असतात. पावलं पुढे राहतात म्हणून माणूस मागे कोसळतो. गुडघे आत वळतात. श्वास रोखला जातो आणि बीपी चढतं, म्हणून उठताना मोठ्याने आकडे म्हणायला लावायचे. आठ ते दहा वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती, असे दोन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला उठवतच नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा आणि जमेल तशी एकेक काढा.

खरी गफलत पुढेच होते. दहा सहज जमायला लागले तरी सहा महिने तेच दहा चालू राहतात! शेवटचे दोन जड जायला हवेत, नाहीतर तो व्यायाम नुसती हालचाल ठरतो. मग छातीशी लिटरची पाण्याची बाटली धरा, नंतर दोन. बसून पाय सरळ करण्याच्या व्यायामाला घोट्याला वेट कफ, म्हणजे वजन भरलेला पट्टा, बांधा, अर्ध्या किलोपासून सुरू करून वाढवत न्या. "या वयात वजनं?" असं मुलंच दटावतात. बोस्टनमधल्या एका वृद्धनिवासात नव्वदीच्या रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचा जड वजनाचा व्यायाम करून घेतला होता. त्याचे निष्कर्ष 1990 साली प्रसिद्ध झाले. अभ्यास छोटा होता, पण पायांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली. न्यूझीलंडच्या ओटागो या पडणं टाळण्यासाठीच्या व्यायाम कार्यक्रमातही घोट्याला वजन बांधून पायांचा व्यायाम आणि तोलाचा सराव आठवड्यातून तीनदा, चालणं त्याच्या जोडीला. त्याच्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण 35 टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे मात्र सकाळी क्लब हाऊसमध्ये टाळ्या, खांदे गोल फिरवणं आणि हास्य. मंडळी एकत्र येतात हे छानच, पण त्याला फिजिओथेरपी म्हणू नका.

तोलाचा सराव स्वयंपाकाच्या ओट्यापाशी करावा, मागे खुर्ची. आधी पाय जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून दहा सेकंद. शेवटचं जमत नसेल तर धोका आहे असं समजा. ओटा घट्ट धरून ठेवला तर सराव हातांचा होतो, तोलाचा नाही. दोन हात, एक हात, दोन बोटं, मग बोटं नुसती वर तरंगती, असं सोडत जायचं. शेजारी कोणीतरी उभं हवंच.

दुखणं किती चालेल, हा प्रश्न येतोच. मांडी दुसऱ्या दिवशी ठणकली तर काळजी नको. व्यायामानंतर गुडघा दोन तासांहून जास्त दुखत राहिला किंवा सुजला, तर पुढच्या वेळी वजन कमी करा, पण बंद करू नका. छातीत दाब, चक्कर किंवा दम अचानक वाढला तर लगेच थांबून डॉक्टर.

चक्करवाल्यांचं बीपी बसवून मोजतात आणि "नॉर्मल आहे" म्हणून सोडून देतात. पाच मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर पडण्याचं एक कारण तिथेच सापडलं. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळीमुळे असं बऱ्याचदा होतं. गोळी आपल्या मनाने बंद न करता आकडे डॉक्टरांना दाखवा.

वसाहतीच्या समितीवर असाल तर फिजिओंचा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि प्रत्येक रहिवाशाचे खुर्चीचे आकडे दर तीन महिन्यांनी मागा. नवीन मशीनसाठी वर्गणी काढण्याआधी वेट कफचे दोन-तीन संच आणि चांगल्या, न घसरणाऱ्या चार खुर्च्या घ्या.

आणि काठ्या तपासा. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. बहुतेकांची उंच असते, म्हणून खांदा वर चढतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हेही निम्म्या लोकांचं उलटं असतं. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की ओल्या फरशीवर काठीच माणसाला पाडते. ते सर्जिकलच्या दुकानात मिळतं, नेताना काठी बरोबर न्या, जाडी वेगवेगळी असते.