रोटर वोल्गोग्राड: वाक्यं तीन, चुका पाच

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘१९९५ मध्ये वोल्गोग्राडच्या रोटर नावाच्या अनोळखी क्लबनं मँचेस्टर युनायटेडच्या पोरासोरांना ओल्ड ट्रॅफर्डवर हरवलं. हाच क्लब महायुद्धात स्टालिनग्राडच्या ढिगाऱ्यात खेळला होता. आज तो अस्तित्वातही नाही.’ रोटर हा रशियातला फुटबॉल क्लब, आणि वोल्गोग्राड म्हणजेच पूर्वीचं स्टालिनग्राड. मजकूर वाचायला झकास आहे, पण खरा नाही.

आधी ते ‘हरवलं’. युरोपीय क्लबांच्या यूएफा कप स्पर्धेच्या पहिल्या फेरीत वोल्गोग्राडला ०-० आणि युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, २-२ झालं. दोन्ही सामने बरोबरीत सुटले. परक्या मैदानावरचे गोल तेव्हा जास्त मोलाचे धरत, म्हणून रोटर पुढे गेला. मँचेस्टरमध्ये रोटरच्या नीडरहाउस आणि वेरेतेन्निकोव्ह यांनी पहिल्या पंचवीस मिनिटांतच दोन गोल ठोकले होते. युनायटेडच्या स्कोल्सनं एक फेडला आणि ८९व्या मिनिटाला चक्क गोलकीपर श्मायकलनं हेडर मारून बरोबरी साधली. त्या हेडरमुळेच घरच्या मैदानावर युरोपीय सामना न हरण्याचा युनायटेडचा विक्रम वाचला. तो मोडला पुढच्या वर्षी, तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबनं.

पोरंसोरं? बेकहॅम, बट कोवळे होते, मान्य. कॅंटोनावर बंदी होती, तेही खरं. पण श्मायकल, ब्रूस, गिग्ज, कोल या नावाजलेल्या खेळाडूंना काय म्हणायचं?

‘अनोळखी’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. इंग्लंडला ठाऊक नाही म्हणजे कुणालाच ठाऊक नाही, असं कुठं असतं? रोटर १९९३ मध्ये रशियन लीगमध्ये दुसरा आला होता. युनायटेडशी गाठ पडण्याआधी तीनच महिने तो रशियन कपच्या अंतिम सामन्यात दिनामो मॉस्कोकडून पेनल्टींवर हरला होता. त्याच मोसमात वेरेतेन्निकोव्हनं लीगमध्ये २५ गोल केले. पुढच्या फेरीत रोटरला बाहेर काढलं ते झिदानच्या बोर्दो या फ्रेंच क्लबनं, आणि बोर्दो थेट अंतिम फेरीत पोचला. रोटर १९९६ मध्ये तिसरा, १९९७ मध्ये पुन्हा दुसरा.

ढिगाऱ्यातल्या सामन्याची गोष्ट अर्धी खरी आहे. २ मे १९४३ रोजी, लढाई संपून तीन महिने झाल्यावर, स्टालिनग्राडच्या संघानं स्पार्टाक मॉस्कोला १-० हरवलं. पण तो संघ ‘दिनामो’ या नावानं उतरला होता. रोटरचा पूर्वज म्हणजे ट्रॅक्टर कारखान्याचा ‘ट्राक्टर’, जो १९३९ मध्ये सोव्हिएत लीगमध्ये चौथा आला होता. त्याचे खेळाडू त्या दिनामोत होते, हे खरं; म्हणून दोन क्लब एक होत नाहीत. ‘रोटर’ हे नाव तर १९७५ चं.

आणि अस्तित्व? २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून घसरल्यावर पैशांअभावी क्लबची दशा झाली, यात वाद नाही. पण २०२० मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये परतला, वर्षभरात पुन्हा खाली गेला, मग आणखी एक पायरी उतरला आणि २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत चढला. घरचे सामने तो २०१८ च्या विश्वचषकासाठी ममायेव टेकडीखाली बांधलेल्या स्टेडियममध्ये खेळतो.