चामड्याला खोबरेल तेल लावण्याआधी

एप्रिलपासून एकच संदेश मला तीन गटांतून आला: नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेतल्या मित्रांच्या. "आजोबांच्या माळ्यावरचं सोनं" असा त्याचा मथळा. जुन्या चामडी वस्तू ओळखायच्या, चमकवायच्या आणि विकायच्या कशा, याच्या सहा सूचना त्यात आहेत. कडेला काडी लावा, जळक्या केसांचा वास आला तर अस्सल. 'जेन्युइन लेदर'चा शिक्का शोधा. कडक झालं असेल तर भरपूर खोबरेल तेल चोळून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. चांभाराची जुनी हत्यारं भंगारात मिळतात, ती ग्राइंडरवर चकचकीत करून घ्या. 'मेड इन इंग्लंड' असेल तर वस्तू शंभर वर्षांपूर्वीची. आणि मगरीची किंवा सापाच्या कातड्याची पर्स सापडली तर लाखाच्या खाली देऊ नका.

मी बारा-तेरा वर्षं बुधवार-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरतो, चामडी वस्तू आणि हत्यारं घेतो, जमेल तेवढी दुरुस्त करतो. हे काम मला लष्कर भागातल्या एका वयस्कर कारागिरांनी शिकवलं. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. हा संदेश वाचून लोकांनी काय काय करून ठेवलंय ते गेल्या तीन महिन्यांत पाहतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी काडीचं. कातडं काय नि केस काय, दोन्ही प्रथिनंच, त्यामुळे वास येतो हे खरं. पण चामड्याचा चुरा चिकटवणात कालवून त्याचे पातळ तक्ते करतात, त्यालाही तोच वास येतो. मग काडी लावून कळलं काय? वस्तूची कड मात्र जळाली, आणि जुन्या वस्तूत बघण्यासारखं सगळ्यात जास्त त्या कडेलाच असतं.

काडीऐवजी भिंग घ्या. पट्ट्याच्या भोकात, झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे रंग पोचलेला नाही तिथे बघा. विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झीन. आता आपण सरसकट कुठल्याही नकली चामड्याला रेक्झीन म्हणतो, पण मुळात ते इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या लेपदार कापडाचं नाव होतं. गुंतलेले तंतू दिसले तर चामडं. मग वरची बाजू बघा. केसांची बारीक छिद्रं बकरीच्या चामड्यावर पुंजक्यापुंजक्यांनी, ओळीत दिसतात, गाईच्या चामड्यावर दाट आणि सारखी, म्हशीच्या चामड्यावर विरळ आणि मोठी. छापलेली नक्षी थोड्या अंतराने हुबेहूब परत येते, खरी छिद्रं तशी कधीच येत नाहीत. 'आजोबांची चामड्याची बॅग' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या टणक, टकटक वाजणाऱ्या तपकिरी पेट्यांपैकी बऱ्याच फायबरच्या निघतात. झिंक क्लोराइडमधून काढून दाबलेला तो कागद असतो. त्याला कितीही तेल पाजलं तरी तो मऊ होणार नाही.

याच कडेवरून काळही कळतो. कातडं कमावायच्या, म्हणजे कच्च्या कातड्याचं टिकाऊ चामडं करायच्या, मुख्य पद्धती दोन. साल-फळांच्या रसात कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं. क्रोमियमच्या क्षारांत कमावलेल्याचा गाभा, रंग आरपार गेला नसेल तर, निळसर करडा दिसतो. क्रोमची ही पद्धत कारखान्यांत रुजली ती १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झने अमेरिकेत पेटंट घेतल्यावर. म्हणजे निळसर गाभ्याची पिशवी कुणी 'सत्तावन्नच्या बंडातली' म्हणून विकत असेल, तर पुढे चालू लागावं.

शंका उरलीच तर एक सोपी चाचणी आहे. व्हिनेगरमध्ये लोखंडी खिळे चार-पाच दिवस बुडवून ठेवा आणि त्या पाण्याचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब आतल्या, न दिसणाऱ्या जागी लावा. सालीत कमावलेलं चामडं तिथे काळं पडतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र आले की काळी शाई होते, तीच ही क्रिया. आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांत, महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चामडं कमावायला जातो.

शिक्क्याचं थोडक्यात. 'जेन्युइन लेदर' याचा अर्थ 'हे चामडं आहे' एवढाच, त्यात प्रत सांगितलेली नसते. ही सगळ्यात हलकी प्रत असते, असा उलटा समजही तितकाच चुकीचा आहे. लष्करी पट्टे, खोगिराचे भाग किंवा पिशव्या बघताना मात्र शिक्के जरूर शोधा. बाणाचं टोक आणि त्याखाली इंग्रजी 'आय' असेल तर ती ब्रिटिश अमदानीतल्या हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. असं बरंच सामान कानपूरला तयार झालेलं असतं.

आता खोबरेल तेल. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते.

मे महिन्यात सदाशिव पेठेतल्या एक काकू वडिलांची डॉक्टरी बॅग घेऊन आल्या. वरून उघडणारी, पितळी चापाची, तपकिरी, सालीत कमावलेल्या गाईच्या चामड्याची. संदेशात सांगितल्याप्रमाणे त्यांनी तिला तेल चोळलं होतं आणि तीन दिवस गच्चीवर ठेवलं होतं. त्याआधी फडक्याने चांगली ओली करून पुसली होती. माझ्याकडे आली तेव्हा तिचा तळ आखडून वर उचलला गेला होता, हात लावला तर पत्र्यासारखा लागत होता. बाजू काळपट पडल्या होत्या. चापाच्या रिव्हेटांभोवती हिरवं, मेणासारखं काहीतरी जमलं होतं. काकू म्हणाल्या, "अरे, तेलाने सगळं मऊ पडतं ना?"

तळाचं काय झालं ते आधी. चामडं म्हणजे कोलॅजनचे तंतू. ओल्या चामड्याला ठरावीक तापमानाच्या वर नेलं की हे तंतू एकदम आकसतात आणि त्यांचं सरसासारखं काहीतरी होऊ लागतं. सालीत कमावलेल्या धडधाकट चामड्यात ही मर्यादा साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सियस असते, थकलेल्या चामड्यात ती ६० च्याही खाली येते. मे महिन्यात गच्चीवरच्या गडद वस्तूचा पृष्ठभाग किती तापतो हे अनवाणी चाललेल्या कुणालाही माहीत आहे. आखडलेला तंतू पुन्हा पसरत नाही. त्यावर तेल नाही, वाफ नाही, काहीच उपाय नाही.

हिरवा थर म्हणजे पितळेतलं तांबं आणि तेलातली मेदाम्लं यांची जोडी. जितकं तेल, तितकं त्याला खाद्य. जुन्या कॅमेऱ्यांच्या पिशव्यांवर, बंदुकीच्या पट्ट्यांवर हे नेहमी दिसतं आणि लोक त्याला बुरशी समजून आणखी तेल लावतात.

खोबरेलचा खास दोष आणखी वेगळा. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे बाटलीतलं तेल दगड होतं, तेच चामड्याच्या आतही होतं. मग पृष्ठभागावर पांढरी पावडर येते. ती बुरशी आहे की चरबी, हे ओळखायला केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दुरून द्या. विरघळून गेली तर चरबी, तशीच राहिली तर बुरशी. स्वयंपाकघरातलं कुठलंच तेल मी सुचवणार नाही. जवसाचं तर नकोच, ते वाळून कडक थर होतं. हत्याराच्या लाकडी मुठीला मात्र तेच जवसाचं तेल उत्तम.

चामडं कडक होण्याची कारणं चार-पाच असतात आणि त्यातल्या एकालाच तेल उपयोगी पडतं: आतली चरबी सुकलेली असते तेव्हा. तिथेही थेंबभर, गुरांच्या खुर-नळीचं तेल किंवा चामड्याचं साधं क्रीम, कापडावर घेऊन, आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघून. दुसऱ्या दिवशी बघा, हवं तर परत लावा. नुसती कपाटात ठेवायची वस्तू असेल तर मी काहीच लावत नाही. मऊ ब्रशने धूळ काढतो आणि थांबतो.

आणखी एक दुखणं आहे, त्यात तर तेल विषासारखं. जुन्या ग्रंथालयांत इंग्रजी अमदानीतले चामडी बांधणीचे ग्रंथ हाताळले असतील, तर बोटांना विटकरी भुकटी लागल्याचं आठवत असेल. कोळशाच्या धुरातला, गॅसच्या दिव्यांतला गंधक हवेतून चामड्यात मुरला, त्याचं आम्ल झालं आणि त्याने तंतू कुरतडले. त्या भुकटीवर तेल टाकलं की काळा चिखल होतो. तिथे हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज नावाचा डिंकासारखा पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून हलक्या ब्रशने देतात. त्याने भुकटी जागेवर बसते, पण गेलेली ताकद परत येत नाही.

पावसाळ्याचंही इथेच सांगतो. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये तो टिकतोच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय. आत साधा कागद भरा, सुती कापडात गुंडाळा, वारा लागेल अशा कपाटात ठेवा.

हत्यारांबद्दलची सूचना वाचून मला खरंच वाईट वाटलं. 'भंगार' या शब्दानेच.

माझ्यासमोर आत्ता एक रापी, म्हणजे चामडं कापायची-तासायची चांभाराची सुरी आहे, जुन्या बाजारात एका गोणपाटावर मिळालेली. पातं आडवं धरलं तर उजेडात बारीक तिरप्या रेघा दिसतात. त्या कानशीच्या दात्यांच्या खुणा. कुणा लोहाराने झिजलेली कानस तापवून, चपटी करून ही घडवली. पातं डावीकडे जास्त झिजलंय, मुठीत अंगठ्याएवढा खळगा पडलाय. रोज त्याच कोनात चामडं तासणाऱ्या एका माणसाचा हात त्या खळग्यात आहे. या रापीवर कुठलाही शिक्का नाही, आपल्याकडच्या बहुतेक रापी, आरी, फर्म्यांवर नसतोच. तिची ओळख म्हणजे ही झीज. ग्राइंडरने पहिल्यांदा तीच जाते.

धारही जाते. कार्बनी पोलाद साधारण २३० अंशांना पेंढ्यासारखं पिवळं पडतं, ३०० च्या आसपास निळं. ग्राइंडरवर पातळ पातं काही सेकंदांत निळं होतं. मग ते दिसायला आरशासारखं, पण धार दोन कापांत बसते. तात्या असं पातं बघून म्हणायचे, "याला ताप आला होता." गंजलेली रापी रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, बारीक तारेच्या घाशीने हलक्या हाताने घासा, शिक्का असेल त्या जागेला शेवटपर्यंत हात लावू नका. धार तेलाच्या दगडावर, हाताने. गंजकं हत्यार ओल्या, सालीच्या चामड्यावर ठेवलंत तर काळा डाग पडेल, वर सांगितलेल्या शाईसारखाच. ताजा असेल तर लिंबाच्या रसाने बराच निघतो.

विकत घेताना शक्य असेल तर हत्यार कुणाचं, कुठल्या गावचं, हे विचारून लिहून ठेवा. ढोर आणि चांभार समाजांतल्या माणसांनी मोटा, पखाली, आसूड, वहाणा घडवल्या, त्यांच्या जोरावर शेती आणि लष्कर दोन्ही चाललं, आणि त्यांची नावं मात्र फारशी कुठे नोंदलेली नाहीत. शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे काचेमागे मानाने बसलेत. रापीलाही तेवढाच मान हवा असं मला मनापासून वाटतं.

'मेड इन इंग्लंड'बद्दल: अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यानंतर इंग्रजी कारखान्यांत ही सवय पसरली. पण इंग्लंडमधून माल १९४७ नंतरही येतच होता. शेफील्डचं जॉर्ज बार्न्सली १८३६ पासूनचं, न्यू जर्सीचं सी. एस. ऑस्बॉर्न १८२६ पासूनचं. नुसत्या नावावरून वय ठरत नाही. ऑस्बॉर्नच्या हत्यारावर 'नेवार्क' असेल तर ते 'हॅरिसन'वाल्याच्या आधीचं, असे बारकावे उपयोगी पडतात. चपला शिवायचं सिंगरचं हातयंत्र मिळालं तर त्याचा क्रमांक आणि त्याआधीचं अक्षर, दोन्ही बघा. त्यावरून साल काढता येतं.

शेवटची सूचना धोक्याची आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मगर, अजगर, घोरपड यांच्या कातड्याच्या वस्तूंची खरेदी-विक्री गुन्हा आहे. वस्तू जुनी आहे, आजीची आहे, हे कारण चालत नाही. देवघरात आसन म्हणून ठेवलेलं मृगाजिन किंवा व्याघ्राजिनही यातच येतं. असं काही घरात निघालं तर जाहिरात टाकू नका, फोटो फिरवू नका, आधी वनखात्याशी बोला. संदेशातली ही ओळ वाचून कुणी खरंच ग्राहक शोधायला निघालं तर थेट तुरुंगाशी गाठ आहे.

काकूंची बॅग अजून माझ्याकडेच आहे. हिरवा थर बांबूच्या काडीने खरवडून काढला, वरचं तेल जमेल तेवढं कोरड्या कापडाने टिपून घेतलं. मुठीजवळ सात टाके सुटले होते, ते जुन्याच भोकांतून मेणलेल्या दोऱ्याने घातले. तळ तसाच आहे, तसाच राहणार. आत कागद भरताना अस्तराच्या फटीत काचेची एक छोटी सिरिंज सापडली. ती काढून घेऊ की तिथेच ठेवू, हे विचारायला काकूंना उद्या फोन करायचाय.