ठासणीचं रिव्हॉल्व्हर आणि आपला परवाना

महाराष्ट्रात शस्त्र परवान्याचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, जिवाला धोका असेल तर सामान्य माणसालाही पिस्तूल मिळालंच पाहिजे. दुसरा म्हणतो, लग्नात हवेत बार काढणारे आणि कमरेला पिस्तूल लावून रील करणारे बघा, परवाने सरसकट रद्द करा. काळजी दोघांचीही खरी आहे. पण इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहून इथल्या नेमबाजीच्या क्लबात ठासणीचं, म्हणजे काडतुसाऐवजी दारू आणि गोळी ठासून भरायचं रिव्हॉल्व्हर चालवायला लागल्यापासून मला वाटू लागलंय की आपण मुळात प्रश्नच चुकीचा विचारतो. आपण अर्जदाराला विचारतो, तुम्हाला धोका कुणापासून आहे? इथे विचारतात, हे शस्त्र कशासाठी हवंय आणि ते कुठे चालवणार? त्यावर 'स्वसंरक्षणासाठी' असं उत्तर दिलं तर अर्ज तिथेच संपतो.

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका गोळ्या घालून मारली. त्याच्याकडची पिस्तुलं परवान्याची होती. पुढच्याच वर्षी दोन कायदे झाले आणि इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमधून खाजगी पिस्तुलं जवळपास हद्दपार झाली. पण त्या बंदीतून ठासणीची हत्यारं वगळली गेली. बंदुकीची सुटी दारू आणि वेगळी गोळी नळीच्या किंवा सिलिंडरमधल्या घराच्या (गोळी बसण्याच्या भोकाच्या) तोंडातून भरावी लागते, असं हत्यार नेहमीच्या परवान्यावर बाळगता येतं. एकोणिसाव्या शतकातलं टोपीचं रिव्हॉल्व्हर (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी धातूची टोपी लावायचं) या व्याख्येत बसतं, आणि म्हणून इटलीत बनणाऱ्या त्याच्या प्रतिकृती इथे आजही विकत मिळतात.

या प्रतिकृतींचं माहेर म्हणजे उत्तर इटलीतला ब्रेशा प्रांत. उबेर्ती आणि पिएत्ता ही तिथली दोन मोठी नावं. माझं रिव्हॉल्व्हर रेमिंग्टन या जुन्या अमेरिकी कंपनीच्या नमुन्याचं, पॉइंट ४४ बोअरचं आहे. सगळे त्याला '१८५८चं' म्हणतात, पण ते साल पेटंटचं. मूळ सैनिकी मॉडेल १८६३ पासून पुढे बनलं. त्या काळच्या कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा रेमिंग्टन मला उजवं वाटतं, कारण सिलिंडरच्या डोक्यावरून पोलादाची पट्टी जाते आणि सांगाडा एकसंध राहतो.

दुकानात जाऊन पैसे मोजले की काम झालं, असं इथे नाही. आधी क्लबात उमेदवारी. मग पोलिसांकडे अर्ज, डॉक्टरकडून माहिती, घरी येऊन कपाटाची पाहणी. परवान्यावर कुठल्या प्रकारचं, कुठल्या बोअरचं हत्यार घ्यायचं ते आधी लिहिलेलं असतं. दुसरं काही घेता येत नाही. काळ्या दारूसाठी स्फोटकांचा दाखला वेगळा, आणि ती ठेवायला खणांची लाकडी पेटी.

हातात आलेलं नवं रिव्हॉल्व्हर दिसायला देखणं असतं, पण लगेच नेमबाजीला लावण्याजोगं नसतं. आतल्या भागांच्या कडांवर कारखान्यातली धातूची बारीक कूस राहिलेली असते. घोडा चढवताना सिलिंडर ढकलणारा पंजा आणि त्याला जागेवर अडवणारा खिट्टा यांचा मेळ बसावा लागतो. घोडा पूर्ण चढण्याच्या क्षणी घर नळीच्या अगदी समोर आलं नाही, तर गोळी कडेला घासून शिसं उडतं. हे काम तेल लावलेल्या बारीक घासायच्या दगडाने, थोडं घासून, पुन्हा जोडून, पुन्हा बघून करायचं. टोपी जिच्यावर बसते ती निपल बदलून चांगली घातली की टोप्या घट्ट बसतात. बऱ्याच प्रतिकृतींमध्ये सिलिंडरची घरं नळीच्या खाचांपेक्षा किंचित अरुंद असतात. त्यामुळे गोळी नळीत सैल जाते आणि नेम विखुरतो. मग घरं जाणकाराकडून रुंद करून घ्यावी लागतात. मला या कामाचा मनापासून लळा आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने कुठे काय विचार केला होता, ते बोटांना कळत जातं.

भरण्याची रीत अशी. प्रत्येक घरात मोजून आणलेली साधारण २० ग्रेन (सव्वा ग्रॅमच्या आसपास) दारू. एवढ्या दारूने घर अर्धंही भरत नाही, म्हणून वर चक्क रवा घालतात. गोळी घराच्या तोंडाजवळ बसते आणि नेम सुधारतो. मग शिशाची गोळी दांड्याने दाबायची. ती घरापेक्षा जराशी मोठी असल्याने दाबताना शिशाची बारीक कडी कापली जाते, आणि ती कडी निघणं फार महत्त्वाचं, कारण गोळी सैल असेल तर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरू शकते. वर ग्रीस. टोप्या सगळ्यात शेवटी, नळी निशाणाकडे असताना. ठासणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २५ मीटरवर ३० मिनिटांत १३ बार काढायचे आणि त्यातले सर्वोत्तम १० मोजायचे, असा नियम आहे. बार झाला की पांढऱ्या धुराचा लोट आणि गंधकाचा वास. काजळी ओल धरते, त्यामुळे त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने सगळं धुतलं नाही तर गंज चढतो.

एवढं सगळं सांगण्याचं कारण असं की कायद्याने हत्याराकडे त्याच्या वागण्यावरून बघायला हवं. ठासणीचं रिव्हॉल्व्हरही जीव घेऊ शकतं, याबद्दल शंका नको. पण सहा बारांनंतर ते पुन्हा भरायला इतका वेळ लागतो की हल्लेखोराच्या हाती ते मॅगझिनच्या पिस्तुलासारखं चालत नाही. ब्रिटिश कायद्याने हा फरक ओळखला, आणि तरीही माणसाची तपासणी ढिली केली नाही. अमेरिकेत उलटं झालं: १९६८च्या संघीय कायद्याने अशा प्रतिकृती पुराण्या शस्त्रांत गणल्या, म्हणून अनेक राज्यांत त्या घरपोच येतात. मला ते पटत नाही.

आपल्या कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे, हे आपल्याकडच्या वादांत कुणी बोलत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ सांगतं की पीक राखण्याच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यायचा असतो. सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात काकांकडे अशी एकनळी होती. भातात रानडुकरं, माडांवर माकडं. बहुतेकदा नुसत्या आवाजाचा बार पुरे होई. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा, मग सोडवून आणायला हेलपाटे. आणि शहरात 'जिवाला धोका' लिहून घेतलेलं पिस्तूल मिरवायला मोकळं! १८५७ नंतर धास्तावलेल्या इंग्रजांनी १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात जो शस्त्र कायदा आणला, त्याचा जाच टिळकांच्या पिढीला झोंबला होता. तो कायदा गेला, पण शेतकऱ्याच्या हातातल्या साध्या नळीकडे संशयाने बघायची सवय काही गेली नाही.

इथली व्यवस्था निर्दोष नाही. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात एकाने पाच जणांना मारलं; त्याची शॉटगन (छर्र्यांची बंदूक) आधी जप्त झाली होती आणि पोलिसांनीच ती परत केली होती. माणसाची तपासणी करणारं खातं गाफील राहिलं तर नियम कागदावर राहतात, आणि आपल्याकडे तर हा धोका मोठा आहे. म्हणून मी पिस्तुलाचे परवाने सोपे करा असं अजिबात म्हणत नाही. उलट स्वसंरक्षणाच्या नावावरचे परवाने आणखी काटेकोर व्हावेत आणि नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येकाला धोका नव्याने सिद्ध करायला लावावा.

पण त्याचबरोबर कोकणातल्या ठासणीच्या परवान्यांचं नूतनीकरण तालुक्यातच व्हावं. निवडणुकीत सरसकट जमा करण्याऐवजी ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याचीच बंदूक घ्यावी. आणि जुन्या शस्त्रांच्या नेमबाजीला क्लबातून वाट मिळावी: हत्यार आणि दारू क्लबाच्या कुलपात, चालवणं फक्त रेंजवर. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसळे यांच्यासारखे नेमबाज देणाऱ्या कोल्हापुरात अशी एक रेंज प्रयोग म्हणून सुरू करायला काय हरकत आहे? शिस्त शिकवणारे प्रशिक्षक तिथे आहेत, आणि जुनं पोलाद जुळवून देतील असे कारागीरही.